बोन्सायचं खोड आणि बी.ई.ची चार वर्षं

हॉस्टेलच्या मागे, सायकल स्टँड संपतो तिथे, कंपाऊंडच्या भिंतीजवळ एक गंजलेला तेलाचा डबा आहे. त्यातून साधारण अकरा फुटांचं एक वेडंवाकडं झाड वर गेलंय. बऱ्याच जणांनी त्यावर टॉवेल वाळत घातले आहेत. एका महाभागाने तर पेपरच्या आदल्या रात्री त्याच्या सावलीत, म्हणजे ट्यूबलाईटच्या सावलीत, बसून एम-थ्रीचे शेवटचे दोन युनिट उरकले होते. (तो पास झाला. झाडाचा संबंध नाही.) "हे काय रे?" असं कुणी विचारलं की मी सांगतो, "बोन्साय." समोरचा आधी झाडाकडे बघतो, मग माझ्याकडे, आणि हसत निघून जातो. अकरा फुटांचं बोन्साय!

मासिकासाठी काहीतरी लिही असं सांगितल्यावर ठरवलं की या हसण्याचं उत्तर एकदाचं लिहूनच टाकू. शिवाय या लेखामागे माझा थोडा स्वार्थ आहे, तो शेवटी येईलच.

बोन्साय हा जपानी शब्द. 'बोन' म्हणजे उथळ तबक आणि 'साई' म्हणजे लावणी. मूळ कला चीनची, तिथे तिला पेनजिंग म्हणतात. बोन्साय ही झाडाची वेगळी जात असते हे पहिल्यांदा डोक्यातून काढून टाका. वड तोच, चिंच तीच. त्याच चिंचोक्याचं रोप जमिनीत सोडलं तर पन्नास फूट जाईल.

दुसरा गैरसमज जास्त नुकसान करतो आणि माझंही त्यानेच केलं. तो असा, की रोप लहान असतानाच लहान तबकात लावायचं, म्हणजे ते लहानच राहतं आणि आपोआप बोन्साय होतं. लहान राहतं हे खरं. पण काडीसारखं बारीकही राहतं! चांगलं बोन्साय बघून आपल्याला 'केवढं जुनं झाड आहे' असं वाटतं ते मुख्यतः खोडामुळे. बुंध्याशी जाड, वर निमुळतं होत गेलेलं, मुळांनी चहूबाजूंनी माती धरून बसलेलं. असं खोड तबकात तयार होत नाही. ते आधी बाहेर, झाडाला मोकळं वाढू देऊन कमवावं लागतं. तबकाची पाळी सगळ्यात शेवटी. डब्यातलं झाड सध्या या कमावण्याच्या स्टेजला आहे, म्हणून ते अकरा फूट आहे.

हे मला सुरुवातीला अर्थातच माहीत नव्हतं. एफ.ई.ला असताना गावातल्या एका नर्सरीतून साडेतीनशे रुपयांना 'बोन्साय' आणलं. चिनी मातीचं निळं तबक, त्यात बोटाएवढं फायकसचं रोप, वर पांढरे खडे गोंदाने चिकटवलेले. दोन महिन्यांचं मेसबाहेरचं खाणं बंद करून घेतलेली वस्तू, त्यामुळे जिवापाड जपली. सकाळ-संध्याकाळ पाणी. दिवाळीच्या सुट्टीआधी पानं पिवळी पडायला लागली, मी पाणी वाढवलं. दिवाळीनंतर काडी उरली.

उपटून बघितलं तर मुळं काळी आणि लिबलिबीत, घाण वास. त्या वेळी बागेत काम करणारे माळीकाका तिथून चालले होते. मी म्हटलं, "काका, रोज पाणी घालत होतो, तरी मेलं हो." काकांनी तबक हातात घेतलं, माती दाबून बघितली आणि म्हणाले, "रोज घालत हुतास म्हणून तर मेलं. ह्यात मुळाला श्वास कुटनं मिळायचा?"

काकांचं बरोबर होतं आणि त्यामागचं कारण मला पुढे एस.ई.च्या सिव्हिलवाल्या रूममेटच्या सॉईल मेकॅनिक्सच्या नोट्समध्ये सापडलं. बारीक मातीत केशाकर्षणाने पाणी काही सेंटीमीटर उंचीपर्यंत धरून ठेवलं जातं. खाली भोक असलं तरी तो थर निथळत नाही. आता हा थर साधारण पाच सेंटीमीटरचा धरा. तीस सेंटीमीटर खोल कुंडीत वरची पंचवीस सेंटीमीटर माती हवेशीर राहते. पण चार सेंटीमीटर खोल तबकात? तिथे सगळी माती त्या थरातच येते. म्हणजे भोक आहे, पाणी निथळल्यासारखं दिसतंय, पण मुळं मात्र चोवीस तास पाण्यात. विश्वास नसेल तर बाथरूममधला स्पंज भिजवून हातावर आडवा धरा. गळायचा थांबला की उभा करा. परत पाणी गळायला लागेल. स्पंज तोच, फक्त उंची बदलली.

म्हणून उथळ भांड्यात भरड माती लागते, आणि ही मोजून करता येते. सिव्हिलच्या लॅबमध्ये ४.७५ मि.मी. आणि २.३६ मि.मी.च्या चाळण्या असतात. विटेचा चुरा आणि जाडी वाळू पहिल्या चाळणीतून पडेल आणि दुसरीवर राहील एवढी घ्यायची, खालची पूड फेकून द्यायची. त्यात साधारण चौथा हिस्सा नीट कुजलेलं शेणखत. (लॅब असिस्टंट सरांनी चाळण्या धुऊन परत करायच्या अटीवर दिल्या. एकदा मी न धुता दिल्या, तो किस्सा इथे नको.)

पण हा झाला मरण्याचा भाग. जगलं असतं तरी ते रोप पाच वर्षांनी तसंच बोटाएवढं दिसलं असतं, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

खोड जाड कशामुळे होतं? सालीखाली कँबियम नावाचा पेशींचा पातळ थर असतो. तो आतल्या बाजूला नवीन लाकूड आणि बाहेरच्या बाजूला साल तयार करतो. त्याला माल लागतो तो पानांकडून, साखरेच्या रूपात. आणि पानांना पाणी लागतं ते लाकडातून. म्हणजे जितकी पानं जास्त, तितक्या पाण्याच्या नळ्या जास्त लागणार. १९६४ साली शिनोझाकी आणि त्यांच्या जपानी सहकाऱ्यांनी हे 'पाईप मॉडेल' म्हणून मांडलं. पानांच्या प्रत्येक युनिटमागे खोडात ठरावीक क्षेत्रफळाची पाईप असते आणि खोड म्हणजे अशा पाईपांची जुडी. लिओनार्दो दा व्हिंचीनेही आपल्या वह्यांमध्ये लिहून ठेवलं होतं की एका पातळीवरच्या सगळ्या फांद्या एकत्र केल्या तर त्यांची जाडी खालच्या खोडाएवढी भरते.

आता हिशोब करू. पेन्सिलीएवढं, ७ मि.मी. जाडीचं रोप आहे. ते ४५ मि.मी. करायचंय. व्यास साडेसहा पटीच्या आसपास वाढला, पण क्षेत्रफळ वर्गाने वाढतं, म्हणजे सुमारे ४१ पट. तेवढं लाकूड तयार व्हायला ढीगभर पानं लागणार, त्या पानांना ढीगभर मुळं लागणार, आणि मुळांना जागा. निळ्या तबकात ही जागा कुठून येणार?

गंमतीचा भाग पुढे आहे. नंतर ती सगळी पानं आणि फांद्या कापून टाकल्या तरी खोड परत बारीक होत नाही. जुन्या पाईपा तिथेच राहतात. वाढलेलं वजन कमी करणं आपल्याला जमतं (मेसच्या कृपेने), झाडाला जमत नाही. बोन्सायची सगळी मेख यातच आहे. आधी झाड मोठं होऊ द्यायचं, मग वरचं काढून टाकायचं आणि जाड बुंधा ठेवायचा.

जपानमध्येही हेच करतात. शिकोकू बेटावर ताकामात्सु शहरात किनाशी आणि कोकुबुंजी असे दोन भाग आहेत. जपानमधल्या पाईन बोन्सायपैकी सुमारे ८० टक्के तिथून येतात असं सांगतात. तिथे ही पाईनची झाडं आपल्याकडे डाळिंबं लावावीत तशी शेतात ओळीने लावलेली असतात. वर्षानुवर्षं जमिनीत वाढवायची, अधूनमधून कापायची, आणि मग उचलून कुंडीत. प्रदर्शनात जे तबक आपण बघतो तो त्या झाडाच्या आयुष्यातला शेवटचा अंक असतो.

आता माझ्या डब्याकडे येतो. एफ.ई.ची परीक्षा संपली तेव्हा हॉस्टेलच्या गच्चीची डागडुजी चालू होती. पक्ष्यांनी फळं खाऊन टाकलेल्या बियांमधून वड, पिंपळ, नांद्रुक यांची रोपं पॅरापेटच्या फटीत आणि पावसाच्या पाण्याच्या पाईपांच्या कोपऱ्यात उगवतात. ती बिल्डिंगला धोकादायक, त्यामुळे दरवर्षी उपटून फेकतात. माळीकाका वड आणि नांद्रुक खुशाल उपटत होते, पण पिंपळ आला की मुकादमाला हाक मारायचे. पिंपळावर मुंजा असतो आणि तो उपटणाऱ्याच्या मागे लागतो! मुकादमाला मुंज्याची भीती नव्हती किंवा त्याचं मुंज्याशी जमत असावं. मी त्या ढिगातून एक नांद्रुक उचललं. व्हर्नियर लावला, बुंध्याशी बरोबर ७ मि.मी.

नांद्रुकच का, तर पानं मुळात लहान, जुन्या लाकडातून सहज फुटतं, आणि भिंतीच्या फटीत जगलेलं रोप हॉस्टेलमध्येही जगेल अशी खात्री. वडाचं खोड सुंदर होतं पण पानं मोठी. पिंपळाचं पान तर मोठं आणि वर लांब देठ, लहान बोन्सायमध्ये ते विचित्र दिसतं. चिंच आणि विलायती चिंच उत्तम, बारीक पाला, फक्त चिंचेला धीर फार लागतो. ज्यांना अजिबात थांबायचं नाही त्यांच्यासाठी बोगनवेल. कुठे जुनं कुंपण काढत असतील तर मनगटाएवढं खोड फुकट मिळतं, ते कापून पावसाळ्यात लावलं की बहुतेक वेळा फुटतं. अडेनियम जन्मतःच जाडं असतं, त्यामुळे त्यात मला फारशी मजा वाटत नाही. हे वैयक्तिक मत, अडेनियमवाल्यांनी रागावू नये.

मुळांचं काम पहिल्याच दिवशी करावं लागतं, कारण नंतर ते दिसत नाही आणि दुरुस्तही होत नाही. सरळ खाली जाणारं सोटमूळ निम्मं कापलं. बाकीची मुळं सायकलच्या चाकाच्या स्पोकसारखी चारी बाजूंना पसरली आणि खाली एक फरशीचा तुकडा ठेवला. मुळांना खाली जाता येत नाही, मग ती आडवी जातात आणि जाड होतात. पुढे बुंध्याला ती जी पकड येते तिला जपानीत नेबारी म्हणतात. दुसरी एक युक्ती नंतर कळली. जुन्या सीडीच्या भोकातून बारीक रोप ओवायचं आणि सीडीच्या वरपर्यंत माती घालायची. भोक १५ मि.मी.चं असतं. खोड तेवढं झालं की आवळलं जातं, पानांकडून खाली येणारी साखर तिथे अडते आणि सीडीच्या वर गोल नवी मुळं फुटतात. फायकसवर ही युक्ती छान चालते. दुसऱ्या रोपावर मी ती केली आहे. सीडी जुन्या गेमची होती, ज्याची होती त्याला अजून माहीत नाही.

डबा मेसमधून आणला, पंधरा लिटर तेलाचा. तळाला मोठी भोकं पाडली आणि मुद्दाम मातीवर ठेवला, म्हणजे काही मुळं भोकांतून जमिनीत उतरतील. ती उतरली की झाड एकदम सुटतं. इथे एक इशारा. वड, पिंपळ, नांद्रुक यांचा डबा बिल्डिंग, पाण्याची टाकी किंवा ड्रेनेज लाईनच्या जवळ असा ठेवू नका. माझा डबा हॉस्टेलच्या भिंतीपासून पंचवीस-तीस फुटांवर आहे आणि कंपाऊंडची भिंत त्याच्या दोन फुटांवर असल्यामुळे त्या बाजूची मुळं मी दर पावसाळ्याच्या सुरुवातीला पहारीने तोडतो. गच्चीवर ठेवायचं असेल तर विटांवर ठेवा, आणि ओल्या मातीचा डबा वीस किलोच्या पुढे जातो हे लक्षात असू द्या. वापरात असलेल्या गच्चीसाठी आय.एस. ८७५ मध्ये चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे साधारण दीडशे किलो, एवढाच भार धरलेला असतो. रेक्टर सरांची परवानगी वेगळी.

त्यानंतर करायचं काय? काहीच नाही. हे सगळ्यात अवघड. खत द्यायचं (शेणखत, निंबोळी पेंड, पावसाळ्यात महिन्यातून एकदा १९:१९:१९ चं पाणी), आणि झाडाला हात लावायचा नाही. काठीला घट्ट बांधायचंही नाही, कारण वाऱ्यात हलणारं खोड न हलणाऱ्या खोडापेक्षा जाड होतं. १९७३ साली मार्क जॅफे या शास्त्रज्ञाने या प्रकाराला थिग्मोमॉर्फोजेनेसिस असं भलंमोठं नाव दिलं. व्हायवामध्ये उपयोगी नाही, पण रूममेटवर छाप पडते.

एस.ई. संपताना व्हर्नियर म्हणाला, १९ मि.मी. मी खूष. झाड सहा फूट झालं होतं आणि बुंध्यापासून वीतभर अंतरावर दोन जाड फांद्या फुटून आडव्या पसरल्या होत्या. टी.ई.च्या दिवाळीआधी हॉस्टेल इन्स्पेक्शन होतं. कुणीतरी म्हणालं, "तुझं ते झुडूप जरा सुधार, गचाळ दिसतंय." मलाही लाज वाटली. मी खालच्या दोन्ही फांद्या बुंध्यापाशी कापल्या, खोड स्वच्छ केलं, वर शेंडा ठेवला. दिसायला झाड एकदम टापटीप झालं.

टी.ई. संपताना व्हर्नियर म्हणाला, २७. आधीच्या वर्षी १२ मि.मी. आणि या वर्षी ८.

कारण सांगतो, कारण हीच चूक प्रत्येक जण करतो. फांदी जिथे जोडलेली असते त्याच्या खालचंच खोड ती जाड करते, वरचं नाही. पाईपा तिच्यापासून खाली येतात. त्यामुळे बुंध्याजवळची फांदी बुंध्यासाठी सगळ्यात कामाची. ती जाड होऊ द्यायची, आठ फूट गेली तरी जाऊ द्यायची, काम झालं की कापायची. बोन्सायवाले तिला बळीची फांदी म्हणतात. मी दोन्ही बळी वेळेआधी दिले. शेंडा ठेवल्यामुळे झाडाने सगळी ताकद उंचीत घातली आणि खोड पाईपसारखं एकसारख्या जाडीचं व्हायला लागलं. शेंड्यात ऑक्झिन हे संप्रेरक तयार होऊन खाली येतं आणि खालचे डोळे दाबून ठेवतं. शेंडा आहे तोवर खाली नवीन फांदी फुटणं अवघड.

मग टी.ई.च्या जूनमध्ये, मृगाचा पाऊस पडल्यावर, मी शेंडा कापला. पंधरा दिवसांत खाली पाच-सहा ठिकाणी फूट आली. त्यातल्या बुंध्याजवळच्या दोन मोकळ्या सोडल्या. त्याच आज डावीकडे पसरून टॉवेल वाळत घालायच्या कामी येत आहेत, आणि वर गेलेला नवा शेंडा अकरा फुटांवर आहे. या फेब्रुवारीत व्हर्नियरने ४४ दाखवले. आठ महिन्यांत १७ मि.मी.! मुळं खालच्या जमिनीत चांगलीच उतरली असणार.

आता पुढची गणिती गोष्ट, जी मला स्वतःला फार आवडते. बोन्सायमध्ये ढोबळ नियम असा की झाडाची उंची बुंध्याच्या व्यासाच्या सहापट असावी. आपला बुंधा ४५ मि.मी. धरू, म्हणजे उंची २७ सें.मी. पहिला काप उंचीच्या एक तृतीयांशावर, म्हणजे ९ सें.मी.वर. तिथे फुटलेल्या कोंबांपैकी एक निवडायचा आणि तो बुंध्याच्या दोन तृतीयांश जाड, ३० मि.मी., होईपर्यंत मोकळा वाढू द्यायचा. मग तो ६ सें.मी.वर कापायचा. पुढचा कोंब २० मि.मी. झाला की ४ सें.मी.वर. असं करत जायचं. प्रत्येक तुकडा आधीच्याच्या दोन तृतीयांश लांब आणि दोन तृतीयांश जाड, आणि प्रत्येक कापावर खोड थोडं वळतं, कधी डावीकडे कधी उजवीकडे. आता बेरीज करा: ९ अधिक ६ अधिक ४ आणि पुढे अनंतापर्यंत. बारावीची भूमिती श्रेढी, ९ भागिले (१ वजा २/३), उत्तर २७. बरोबर सहापट! नियम करणाऱ्यांनी श्रेढी मांडली होती असं माझं म्हणणं नाही, पण हिशोब जुळतो.

फांद्यांना वळण द्यायला तार लागते, पण ते काम खोड झाल्यावरचं. इलेक्ट्रिकलच्या भंगारातली तांब्याची तार सोलून (प्लॅस्टिक जाळू नका, धूर विषारी असतो) लालसर होईपर्यंत तापवली की मऊ होते आणि वाकवताना परत कडक होते, म्हणून फांदीला धरून ठेवते. मेटलर्जीतलं अनीलिंग आणि वर्क हार्डनिंग एकाच फांदीवर. पावसाळ्यात दर तीन आठवड्यांनी बघायचं, नाहीतर तार सालीत रुतते आणि वळ्यांचे व्रण वर्षानुवर्षं जात नाहीत.

हे सगळं ऐकून काही जण म्हणतात की बोन्साय म्हणजे झाडावर अत्याचार. आमच्या मजल्यावर यावरून रात्री दोनपर्यंत वाद झालाय. मला दोन्ही बाजू पूर्ण पटत नाहीत. उपाशी ठेवून झाड लहान राहतं हे साफ खोटं. तबकातल्या झाडालाही वेळेवर खतपाणी लागतं आणि हयगय झाली की ते मरतं, माझं मेलंच. पण झाडाला विचारलं असतं तर त्याने तबक निवडलं असतं असंही मी म्हणणार नाही. माझं नांद्रुक मात्र कचऱ्याच्या ट्रॉलीत जाणार होतं, एवढं नक्की.

आता स्वार्थाचा भाग. वरचा हिशोब वर्षांत मांडला तर ७ ते ४५ मि.मी.ला तीन वर्षं लागली (एक माझ्या टापटिपीत वाया). पुढच्या तुकड्याला दोन-तीन वर्षं, त्यापुढच्याला दोन, मग फांद्या, मग तबक. एकूण आठ-दहा वर्षं. आपला कोर्स चार वर्षांचा. ड्रॉप लागला तर पाच. आणि पहिला मोठा काप घ्यायची योग्य वेळ म्हणजे जूनमधला पहिला पाऊस, तेव्हा मी हॉस्टेलमध्ये नसेन. थंडीत किंवा मेच्या उन्हात कापलं तर फूट यायला वेळ लागतो, म्हणून जाण्याआधी घाईने उरकावंसं वाटत असूनही हात आवरला आहे. झाड उचलून घरी न्यायचा विचार केला होता. आमच्या फ्लॅटच्या गॅलरीत अकरा फूट उंचीची सोय नाही, आणि जमिनीतली मुळं आत्ता तोडली तर गेल्या पावसाळ्याची कमाई थांबेल.

वॉशिंग्टनच्या नॅशनल आर्बोरेटममध्ये एक व्हाईट पाईन बोन्साय आहे, १६२५ पासून वाढवलेलं. हिरोशिमाच्या यामाकी घराण्याने ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. ६ ऑगस्ट १९४५ ला बॉम्ब पडला तेव्हा ते त्यांच्या नर्सरीच्या भिंतीआड होतं आणि वाचलं. मासारू यामाकी यांनी १९७६ साली ते अमेरिकेला भेट दिलं. त्यामागची ही हकिकत तिथल्या लोकांना २००१ साली कळली, यामाकींचे नातू झाड बघायला आले तेव्हा. मला त्यात सगळ्यात नवल वाटतं ते पाणी घालणाऱ्यांचं. १६२५ पासून एकाही उन्हाळ्यात कुणी विसरलं नाही.

आपल्याकडे दर मे महिन्यात हॉस्टेल रिकामं होतं. गेली तीन वर्षं सुट्टीत माळीकाकांनी पाणी घातलं, पण ते पुढच्या वर्षी रिटायर होणार आहेत. तेव्हा एस.ई. किंवा एफ.ई.तला कुणी तयार असेल तर मेच्या आत मला भेटा, रूम नंबर मेसच्या बोर्डवर लिहिला आहे. दोघं असाल तर उत्तम, म्हणजे एक जण के.टी.त अडकला तरी दुसरा राहील. स्टाफपैकी कुणी घेतलं तर त्याहून बरं, कारण तुम्ही चार वर्षांनी जात नाही. सीडीवालं रोपही त्याच्याबरोबर मिळेल.

करायचं एवढंच. मेअखेरपर्यंत दिवसाआड डबाभर पाणी, वरची माती बोटाने चाचपून. पहिले दोन चांगले पाऊस झाले की मुख्य खोड कापायचं. बुंध्यापासून ९ सें.मी.वर मी पांढऱ्या ऑईलपेंटची रेघ मारून ठेवली आहे. कापताना रेघेच्या दोन-तीन सेंटीमीटर वर आडवं कापा, कारण कापाखालचा भाग थोडा वाळतोच आणि नेमका कोंब कुठे फुटेल ते आधी सांगता येत नाही. तिरका काप पुढच्या वर्षी, कोंब ठरल्यावर. पांढरा चीक खूप येईल, घाबरू नका, पाणी मारा, थांबला की बोर्डो पेस्ट लावा. चीक डोळ्यांत जाऊ देऊ नका. रेघेखालची एक फांदी बळीची म्हणून तशीच ठेवा, दोन्ही कापू नका. त्या वर्षी मुळांना हात लावू नका, फक्त भिंतीकडची तोडा. आरी माळीकाकांकडे आहे, व्हर्नियर मात्र मला वर्कशॉपला परत करायचा आहे, तो तुम्ही तुमच्या नावावर काढून घ्या.